न मिळणारे दोन चाप

एक चूक मी सव्वीस वर्षे लपवली. पत्नीलाही सांगितली नव्हती. इथे लिहितो आहे, कारण त्या चुकीवाचून पुढचा अनुभव सांगताच येणार नाही. भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. गणित शिकवणाऱ्याने सिद्धतेवाचून काही मानू नये, असेच मी मुलांना सांगत आलो.

तेव्हा मी पुण्यातल्या एका कॅथलिक शाळेत नवा होतो. दहावीच्या प्रिलिमचा पेपर मी काढला आणि दहावीला गणित शिकवणाऱ्या, वसईकडच्या सिस्टर फिलोमिनांनी तपासून सही केली. त्यानंतर कळले, की त्यातला त्रिकोण काढण्याचा प्रश्न, त्याच आकड्यांचा, बाहेरच्या क्लासमध्ये झाला आहे. छपाईला देताना मी घाईने अकराचे तेरा केले. बाजू पाच, सात आणि तेरा... पाच-सात मिळून बाराच, असा त्रिकोण होतच नाही! परीक्षेत मुली चाप काढून खोडत राहिल्या, दोघी रडल्या.

मुख्याध्यापकांनी विचारले तेव्हा सिस्टरांनी एकदाच माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली.

"सही माझी आहे," त्या म्हणाल्या.

पुढच्या वर्षी त्यांच्याकडून दहावी काढून घेतली. मी मात्र यथावकाश नेदरलँड्सला आलो आणि ब्रेडा गावातल्या एका कॅथलिक शाळेत गणित शिकवू लागलो; 'सर'चा तिथे 'मेनेर' झालो.

पहिल्या लॉकडाऊनमध्ये मी रिकाम्या वर्गातून ऑनलाइन तास घेत असे. डिजिटल फळ्याशेजारी एक जुना हिरवा फळा उरला होता. एका सोमवारी, सकाळी दहाच्या तासाला, फेमके नावाची विद्यार्थिनी मध्येच म्हणाली, "मेनेर, मागे त्या बाई कोण आहेत?"

"इथे कोणी नाही, फेमके."

"आहेत ना! केवढा मोठा कंपास... पण त्यांच्या रेघा जुळतच नाहीत."

बाकीची मुले हसली. "फेमके, चष्मा लाव!" कोणीतरी ओरडले. मी वळलो. फळ्यावर एक आडवी रेघ होती, तिच्या दोन टोकांवरून काढलेले दोन चाप, आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा. खडूची भुकटी अजून खाली झरत होती. मी तास तिथेच थांबवला. फळ्याखालच्या कट्ट्यावर खडू होता, त्याला कागदाची पट्टी गुंडाळलेली. हाताला भेगा पडतात म्हणून सिस्टर तसाच खडू धरत. इथे हे कोणाला ठाऊक असणार?

शाळेचे केअरटेकर म्हणाले, "मेनेर, इमारतीत आज तुम्ही आणि मी. किल्ल्या माझ्याच खिशात आहेत."

मी फळा ओल्या फडक्याने पुसला, खडू घरी नेऊन कचऱ्यात टाकला. मंगळवारी चाप पुन्हा होते. खडूही होता... कागदासकट. बुधवारी मी वर्गाच्या दाराशी उभा राहिलो आणि आतून फळ्यावर खडू घासल्याचा आवाज ऐकला. हात हँडलवर होता. तो मी काढून घेतला. मी जिना उतरलो, बाहेर सायकलस्टँडपाशी बसलो आणि पुण्यातल्या जुन्या सहकाऱ्याकडून, सिस्टर आता राहत होत्या त्या वसईच्या मठाचा नंबर मिळवला.

फोन एका तरुण सिस्टरांनी घेतला.

"फिलोमिना सिस्टर? अहो सर, त्यांना कोविड झालाय. ऑक्सिजनवर आहेत. बोलत नाहीत, ऐकू येतं थोडं." मग म्हणाल्या, "सोमवारपासून हवेत बोट फिरवताहेत. अर्धा गोल काढतात, थांबतात, परत काढतात. आम्हाला काही कळत नाही."

मलाही ते आजतागायत कळलेले नाही. फेमकेला काय दिसले, तो खडू कुठून आला, यातले काहीच मी सिद्ध करू शकत नाही.

"फोन त्यांच्या कानाशी धराल का?" मी विचारले.

पलीकडून फक्त श्वास ऐकू येऊ लागला. मग मी मोठ्याने म्हणालो,

"सिस्टर, मी आपटे. ते तेरा मी लिहिले होते, तुमची सही झाल्यानंतर. तुम्हाला ते कळले होते आणि मी गप्प बसलो. तो त्रिकोण आता सोडून द्या, सिस्टर. चूक माझी होती. मला क्षमा करा."