माझी फाइल कुणाला दाखवायची नाही

आठव्या वर्षी माझे गुडघे सुजले. लहान मुलांना होणारा संधिवात. शरीराची राखण करणारी यंत्रणा शरीरावरच उलटते, असं डॉक्टरांनी आईला समजावलं. बाराव्या वर्षी ती फुफ्फुसांवर उलटली. कोरडा खोकला जाईना, बोटांची टोकं फुगली. आचोळ्यातल्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. चौथ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत मी दोनदा पायरीवर बसायचे.

स्कॅन झाला, टीबीचीही तपासणी झाली. टीबी नव्हता. फुफ्फुसांसाठी सुरू केलेल्या स्टिरॉइडनं माझा चेहरा मात्र पुरीसारखा फुगला.

शाळेच्या व्हॅनमधल्या दोन मुलींच्या आयांनी व्हॅनवाल्या काकांना गाठलं. ‘त्या खोकणाऱ्या मुलीला बसवलंत तर आमच्या मुली येणार नाहीत.’ काका संध्याकाळी घरी आले, ओशाळलेले.

“ताई, रिपोर्टचा फोटो द्या ना. ग्रुपवर टाकतो, विषय संपेल.”

आई फाइल आणायला उठली. मी तिचा हात धरला.

“नाही द्यायचा.”

“अगं, दाखवलं तर काय बिघडतं?”

“दुसऱ्या कुणाची फाइल मागतात का ते?” एवढ्यानंच मला धाप लागली. खोकून झाल्यावर मी काकांकडे वळले. “काका, मला टीबी नाही. माझ्यापासून कुणाला काही होत नाही. उलट या औषधांमुळे त्यांच्या मुलींची साधी सर्दीसुद्धा मला महागात पडेल. मी कधी कुणाचे कागद मागितले? उद्या येऊ की नको, तेवढं सांगा.”

काकांनी चपला पायात सरकवल्या. मग म्हणाले, “पावणेसातला खाली ये.”

दुसऱ्या दिवशी दोन जागा रिकाम्या होत्या. मी खिडकीजवळ बसले. आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. ती घाबरली होती, हे आता कळतं.

पुढे औषधं बदलली, खोकला कमी झाला. “फुफ्फुसांचा गेलेला भाग परत मिळणार नाही, उरलेला सांभाळू,” डॉक्टर म्हणाल्या. आज मी एकोणीस वर्षांची आहे आणि तो सांभाळतेय.

तेव्हा व्हॅन सोडलेल्या त्या दोन मुलींपैकी एक महिन्याभरातच परत आली होती, नाक गळत. माझ्या शेजारी बसायला लागली, तेव्हा मी दप्तरातून नवा मास्क काढून तिच्यापुढे धरला.

“लाव, नाहीतर पुढे काकांजवळ बस.”

तिनं लावला.