बैलांच्या डोळ्यांवरचं घोंगडं

माझ्या लेकीचं पहिलं मूल पोटातच गेलं. दुसऱ्या खेपेला ती माहेरी पेडगावला आली तेव्हा तिच्यापेक्षा मीच जास्त घाबरलेली होते. ती निवांत झोपायची आणि मी मात्र उशाशी बसून तिचा श्वास ऐकत राहायची. दिवस भरत आले तसा माझा धीर सुटला. देवघरात बसले तरी मनात यायचं, हा खरंच ऐकतो का, की आपण आपले भिंतीशी बोलतो? मागच्या खेपेला काय कमी हात जोडले होते? अशा उलटसुलट विचारांत एके दिवशी मी औंढ्याच्या नागनाथाला रुद्राभिषेक बोलून टाकला. श्रद्धेनं बोलले असं म्हणायला आज जीभ रेटत नाही. भीतीनं बोलले. गुरुजींचा निरोप आला की सोमवारी या, पण सूर्य माथ्यावर यायच्या आत या, नाहीतर तुमची पाळी दुसऱ्याला जाईल.

त्या काळी निजामाचं राज्य होतं. आमच्या भागात मोटार म्हणजे अप्रूप. माझ्या धाकट्या दिरानं, म्हणजे भाऊजींनी, एक टपाची मोटार घेतली होती आणि ती चालवायला इस्माईलभाई नावाचे ड्रायव्हर ठेवले होते. माणूस शांत. त्यांची एक सवय होती. समोरून बैलगाडी आली की ते मोटार कडेला घेऊन बंदच करायचे. मग गाडीवान खाली उतरायचा, आपलं उपरणं बैलांच्या डोळ्यांवर टाकायचा, कासरा घट्ट धरायचा आणि हात करायचा. तेव्हा कुठे इस्माईलभाई मोटार सुरू करून हळूच पुढे काढायचे. बैलांना मोटारीची सवय नव्हती, आवाजानं ते उधळायचे, म्हणून सगळ्याच रस्त्यांवर ही रीत पडली होती. मला मात्र त्याचा कंटाळा यायचा. मोटारीत बसून बैलाच्या मर्जीनं जायचं तर मोटार घेतली कशाला, असं मी घरात बोलूनही दाखवलं होतं. माझी जीभ तशी घरात प्रसिद्धच होती.

त्या सोमवारी उशीर झाला तो माझ्यामुळेच. नैवेद्याच्या पुरणात कुणाचा तरी सोवळ्याबाहेरचा हात लागला म्हणून मी पुरण टाकून दिलं आणि पुन्हा शिजवायला लावलं. त्यावरून जावेशी भांडलेही. निघालो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. मोटारीत मी, सोबतीला आमच्या घरी जन्म काढलेली म्हातारी पार्वतामाय आणि पुढे इस्माईलभाई. परभणी मागे पडली आणि पुढे रस्ताभर कापसाच्या गाड्याच गाड्या. दर थोड्या वेळानं मोटार थांबायची. प्रत्येक थांब्याला माझा जीव वरखाली व्हायचा. मी सूर्याकडे बघायची आणि इस्माईलभाईंच्या पाठीला बोलायची. आधी विनवून, मग तोडून. शेवटी मी म्हणाले, "देवाच्या कामाला निघालोय, इस्माईलभाई. लग्नाच्या वरातीला नाही."

त्यानंतर मोटार जरा जोरात धावू लागली. मला बरं वाटलं. वाऱ्यानं पदर उडत होता आणि मी मनात नागनाथाला सांगत होते, बघ, तुझ्यासाठी किती धडपडतेय.

पुढे एक ओढा लागतो. त्यावर कठडा नसलेला अरुंद पूल आणि पुलाच्या अलीकडे सरकारनं लावलेली पाटी. मला उर्दू वाचता येत नाही. इस्माईलभाईंनी वाचून दाखवली. "बाईसाब, आहिस्ता लिवलंय. आन् समोरून गाडी यायलीय."

खरंच पुलाच्या पलीकडून एक बैलगाडी येत होती. गाडीवान उतरूही लागला होता. मी ओरडले, "पाटी काय वाचत बसता? तो धरील त्याचे बैल. थांबू नका, हाणा मोटार!"

इस्माईलभाईंनी मोटार थांबवली नाही. भोंगा वाजवला आणि पुलावर घातली. गाडीवानाच्या हातात कासरा नीट यायच्या आत बैल बिथरले. त्यानं ओढून पाहिलं, तो फरफटत गेला, पडला. बैलगाडी रस्ता सोडून ओढ्याच्या काठाकडे धावली. तिच्यावर चादरीचा आडोसा केलेला होता. धक्क्यानं तो आडोसा सुटला आणि आत बसलेली एक पोर दिसली. दोन्ही हातांनी गाडीचा दांडा धरलेला आणि पोट एवढं पुढे आलेलं की माझ्या लेकीचेच दिवस तिलाही. मी किंचाळले की नाही मला आठवत नाही. पार्वतामाय म्हणते, मी तोंडावर हात धरून नुसती बघत होते.

तेवढ्यात ओढ्याच्या बाजूनं एक माणूस वर आला. काळा, उंच, खांद्यावर घोंगडं. तो पळत आला असंही मला वाटलं नाही. बैलांच्या समोर उभा राहिला आणि ते घोंगडं त्यानं दोन्ही बैलांच्या तोंडावर टाकलं. बैल जागच्या जागी उभे राहिले. एक चाक काठाबाहेर लोंबत होतं. त्या माणसानं बैलांच्या गळ्यावर हात ठेवून काहीतरी हळू आवाजात म्हटलं, त्यांना मागे सारलं आणि चाक जमिनीवर आलं. गाडीवान धापा टाकत पोचला. आम्ही मोटारीतून उतरून पोचलो तोवर तो माणूस घोंगडं खांद्यावर टाकून ओढ्यात उतरून गेलाही होता. असेल एखादा धनगर. आसपास मेंढरं दिसली नाहीत, पण मी तेव्हा नीट बघितलं होतं असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. कुणाला काय वाटायचं ते वाटो, मी जे पाहिलं तेवढंच लिहिते आहे.

पोरीला लागलं नव्हतं. पण गाडीचा दांडा ती अजून सोडत नव्हती. डाव्या बैलाचा पुढचा पाय मात्र दगडात अडकून सुजू लागला होता. गाडीवान म्हणजे त्या पोरीचा बाप. तो तिला बाळंतपणासाठी सासरहून घरी नेत होता. आता हा माणूस आपल्याला शिव्या घालणार म्हणून मी मान खाली घातली. त्यानं माझ्या हातातलं नैवेद्याचं ताट, बेलाची पानं पाहिली आणि म्हणाला, "बाई, तुमी देवाला निघालाव. देवाच्या वाटंवरच्या मानसाला आडवू न्हाई. बैल बुजलं, त्यात तुमचा काय दोष? जावा तुमी, टाइम व्हायलाय."

आणि मी गेले. हे लिहिताना आजही कानाच्या पाळ्या गरम होतात. इस्माईलभाई घुटमळले होते, पार्वतामाय तर पोरीजवळ बसकण मारून बसली होती. मीच त्यांना उठवलं. माझा नवस होता ना.

रस्त्यात इस्माईलभाई मान न वळवता म्हणाले, "आज मालकाला सांगतो. चूक माझी हाय." मी पटकन म्हणाले, "तुम्ही कशाला? मी बोलले होते." ते म्हणाले, "बोलनं तुमचं व्हतं बाईसाब. पाय माझा व्हता. चाक हातात घ्यायचं आन् कुनीतरी सांगितलं म्हनायचं, हे न्हाई चालत." त्यावर माझ्या मनात काय आलं तेही सांगून टाकते. मनात आलं, बरं झालं, हेच सांगतील, म्हणजे भाऊजींना माझं काही कळायचं नाही. भाऊजी त्यांना कामावरून काढतील हे माहीत असूनही आलं.

आम्ही औंढ्याला पोचलो आणि गुरुजी हसून म्हणाले, "अगदी वेळेवर आलात." ते शब्द मला चाबकासारखे लागले. नागनाथाचा गाभारा खाली, अंधारात आहे. वाकून, अंग चोरून उतरावं लागतं. मी पिंडीसमोर बसले. गुरुजींनी संकल्पासाठी लेकीचं नाव विचारलं. मी सांगितलं. पण डोळ्यांपुढे येत होती ती दांडा धरून बसलेली पोर. मी म्हणाले, गुरुजी, अजून एका लेकीसाठी पाणी घालायचं आहे. ते म्हणाले, नाव सांगा.

मला तिचं नाव माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. तिला मरणाच्या दारात नेऊन ठेवलं आणि नाव विचारायला मला सवड झाली नव्हती. गुरुजी ताटकळत होते, मागे लोक खोळंबले होते. आयुष्यात पहिल्यांदा माझी जीभ गप्प बसली.

औंढ्याला नंदी देवासमोर नाही, देवळाच्या मागच्या बाजूला आहे. मागे जाऊन बसलेल्या भक्तासाठी देऊळच फिरलं आणि नंदी मागे राहिला, असं लोक सांगतात. मी मागे जाऊन त्याच्यापाशी बसले. समोर बसायची माझी लायकी नव्हती, मागची जागाच बरी वाटली. लोक नंदीच्या कानात आपलं मागणं सांगतात. मीही वाकले. लेकीचं मागणं ओठांवर होतं, पण बाहेर पडलं ते भलतंच. "मीच म्हणाले होते, हाणा मोटार." एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले आणि त्या दगडाच्या मानेवर डोकं टेकून हमसून रडले. रडून झाल्यावर हलकं वगैरे वाटलं नाही. फक्त परत जायचं आहे, हे कळलं.

परतताना ऊन कलू लागलं होतं. पुलापाशी आलो तर बापलेक तिथंच! बैल गाडीला जुंपता येत नव्हता आणि पोरीला चालवत नेणं शक्य नव्हतं म्हणून ते बाभळीच्या सावलीत इतका वेळ बसून होते. मी देवाला पाणी घालत होते आणि ही पोर इथं धुळीत बसली होती. मी खाली उतरले, तिच्याजवळ बसले आणि आधी नाव विचारलं. गंगू. बापाचं नाव रामजी. मी रामजींना हात जोडले. म्हणाले, "बैल बुजले नाहीत, मी बुजवले. ड्रायव्हर थांबणार होते. थांबू नका असं मीच म्हणाले."

रामजी बैलाच्या पायावर ओली माती लावत होते. वर न बघता म्हणाले, "ठावं हाय, बाई. तुमचा आवाज ऐकला व्हता म्या."

म्हणजे सगळं ऐकून, सगळं कळून त्यांनी मला देवाकडे जाऊ दिलं होतं. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. काहीतरी बोलायचं म्हणून मी त्या घोंगडंवाल्या माणसाला दुवा दिला, तुमच्या त्या गाववाल्यानं वाचवलं म्हणाले. रामजींनी तेव्हा मान वर केली. "आमचा कुठला? म्या तर तुमच्या मोटारीतला समजलो त्याला."

पार्वतामायनं ओढ्याकडे तोंड करून हात जोडले.

रामजींचं गाव तिथून जवळच होतं. बैलगाडी तिथंच ठेवली. रामजी दोन्ही बैल घेऊन, लंगड्याला चुचकारत पुढे चालले आणि त्यांच्या मागे, बैलाच्या चालीनं, आमची मोटार. गंगू माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. येणारे-जाणारे आमच्याकडे बघून हसत होते. इस्माईलभाईंनी एकदाही भोंगा वाजवला नाही.

घरी आल्यावर मी भाऊजींना सगळं सांगितलं. इस्माईलभाई मध्येच "पाय माझा" म्हणू लागले, पण मी बोलू दिलं नाही. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "इस्माईलभाई ऱ्हातील. पन वैनी, पुन्हा त्येंच्या मागं बसून तोंड उघडायचं न्हाई." घरातले हसले. मला हसू आलं नाही.

दोघी लेकी सुखरूप सुटल्या. माझ्या लेकीला मुलगा झाला, गंगूला मुलगी. आमच्या गोठ्यातला एक बैल मी रामजींकडे पाठवला. त्यांनी पेरणीपुरता ठेवला आणि आमच्याकडे होता त्यापेक्षा धष्टपुष्ट करून परत पाठवला. त्यांचा बैल मात्र कायमचा लंगडा झाला. मूल कुशीत आलं म्हणून मी सुखी आहे, आणि लंगडा बैल आठवला की मान खाली जाते. दोन्ही खरं आहे.

नवसामुळे काय झालं, तो माणूस कोण होता, हे मी कुणाला पटवायला जात नाही. मला त्या दिवसातलं एकच उमगलं. मोटार येताना डोळ्यांवर घोंगडं पडलेला बैल काही बघत नाही, काही मागत नाही. धरणाऱ्याच्या हातावर विसंबून नुसता उभा राहतो आणि एवढं मोठं संकट त्याच्या शेजारून निघून जातं. मला ते जमत नव्हतं. मला देवही माझ्या वेळेत पाहिजे होता. आता घरात कुणी आजारी पडलं, कुणाला यायला उशीर झाला, की जीव पहिल्यासारखाच धावू लागतो. तेव्हा मी पदर डोळ्यांवर ओढून घेते आणि गंगूचं नाव घेत उभी राहते.