गोणपाटाच्या अजगरावर टेस्ट

"डॉक्टर, हे दिवे आधी बंद करा," मी म्हणाले.

प्लायवूडच्या पेटीच्या छताला आतून दोनशे वॅटचे चार बल्ब उघडेच लटकत होते. वायर साधी, पंख्याला वापरतात तसली. वरचं प्लाय हाताला चांगलंच गरम लागत होतं. पेटी आठ फूट लांब, तीन फूट रुंद. ज्याच्यासाठी ती बनवली होती तो अजगर सुदैवाने अजून आत नव्हता.

मांजरी गावाच्या पुढे, उसाच्या फडांना लागून जखमी वन्यप्राण्यांसाठी एक छोटं उपचार केंद्र आहे. डॉक्टर मृणाल तिथल्या पशुवैद्य. माझं हडपसरला टेम्परेचर कंट्रोल पॅनल बनवायचं वर्कशॉप आहे. बेकरीचा ओव्हन असो की पेंट वाळवायची भट्टी, आतलं तापमान हवं तेवढंच ठेवणं हे माझं काम. सापांशी माझा संबंध नव्हता आणि तो यावा अशी इच्छाही नव्हती.

अजगर दत्तूअण्णांच्या फडात सापडला होता. ऊसतोडीत कोयता लागून त्याची पाठ हातभर फाटली होती. लोक काठ्या घेऊन धावले, तेव्हा अण्णा मध्ये उभे राहिले. "आपल्याच कोयत्यानं लागलंय, आता वर काठ्या कशाला?" म्हणाले आणि केंद्राला फोन लावला. पेटीही त्यांनीच घरच्या लाकडातून, स्वतः राबून करून आणली होती. त्यामुळे बल्बांबद्दल बोलताना मी जरा जपून बोलले.

"ताई, उजेड पडतोय, ऊबबी मिळतीय. वाईट काय हाय त्यात?" अण्णांनी विचारलं.

"तो बल्बला विळखा घालेल अण्णा. नाहीतर आधी तुमची पेटी पेटेल."

मग खालून पॅड लावा, असं डॉक्टर म्हणाल्या असत्या तर मी लगेच हो म्हटलं असतं. पण त्याच म्हणाल्या, "आणि खालून हीटिंग पॅड नको हं मॅडम. सापाला पोटाला चटका बसत असला तरी तो पटकन बाजूला होत नाही. तसाच भाजत पडून राहतो. अशा केसेस मी बघितल्यात."

सापाच्या शरीरात आपल्यासारखी स्वतःची ऊब तयार होत नाही, हे त्यांनी मला समजावलं. तो बाहेरून ऊब घेतो. ती मिळाली नाही तर अन्न पचत नाही, जखम भरत नाही, औषधही नीट लागू पडत नाही. या अजगराच्या तोंडाला तर बुडबुडे यायला लागले होते. म्हणजे छातीत संसर्ग. डॉक्टरांनी त्याला आपल्या केबिनमध्ये क्रेटमध्ये ठेवलं होतं, भोवती गरम पाण्याच्या पिशव्या. त्या दर थोड्या वेळाने बदलायच्या. डॉक्टरांचे डोळे लाल झाले होते.

"एका बाजूला बत्तीस डिग्री, दुसरी बाजू पंचवीसच्या आसपास. कुठे बसायचं ते तो ठरवेल," त्या म्हणाल्या. "पूर्ण पेटी गरम केलीत तर पळायला जागा उरणार नाही."

ओव्हनवालं गिऱ्हाईक नेमकं उलटं मागतं. कोपरान्‌कोपरा सारखा तापला पाहिजे. मला हे नवीन होतं.

ब्लोअर मी स्वतःच बाद केला. हवा कोरडी होते आणि गरम झोत थेट प्लायवर बसतो. शेवटी ॲल्युमिनियमच्या पत्र्याला मागून चपटा हीटर चिकटवून तीन प्लेट्स केल्या. लाल होत नाहीत, उजेड पाडत नाहीत. त्या एकाच टोकाला छताला लावल्या, खाली जाळी. पेटीला बाहेरून थर्मोकोल. मग दोन थर्मोस्टॅट. थर्मोस्टॅट म्हणजे तापमान बघून हीटर चालू-बंद करणारा स्विच. पहिला रोजच्या कामाला. तो बिघडलाच तर दुसरा छत्तीसला वीज तोडणार आणि लाल दिवा लावणार.

"झालं? सोडू त्याला आत?" डॉक्टरांनी विचारलं.

"उद्या. आज रिकामी चालवून बघायची."

"मॅडम, उद्यापर्यंत तो टिकेल का, मला माहीत नाही."

"बेकरीचे पाव जळले तर दुसरे करता येतात. अजगर दुसरा करता येत नाही," मी म्हणाले. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. पण मग टेस्ट खरी करा. अजगर आत असताना पेटी रिकामी नसते. तो वेटोळं घालून बसला की ढीग होतो."

अण्णांनी गोणपाटाची दोन रिकामी पोती आणली, त्यात माती भरली, पिळून त्याचं वेटोळं केलं आणि प्लेटखाली ठेवलं. "घ्या तुमचा अजगर." मी त्याच्या पाठीवर थर्मामीटर बांधला, पहिला थर्मोस्टॅट मुद्दाम निकामी केला, म्हणजे तो हीटर बंदच करणार नाही, आणि आम्ही चहाला गेलो.

परत आलो तर दुसऱ्या थर्मोस्टॅटवर तेहेतीस. लाल दिवा बंद. सगळं छान. गोणपाटाच्या पाठीवर शेहेचाळीस.

थर्मोस्टॅटचा तापमान मोजणारा सेन्सर मी नेहमीसारखा भिंतीला लावला होता. ओव्हनमध्ये चालतं. इथे भिंत थंड आणि प्लेटखालची पाठ भाजत होती. खरा अजगर आत असता तर उघड्या जखमेला तो चटका बसला असता.

मी एक प्लेट काढली. दोन्ही सेन्सर जाळीच्या नळीत घालून पाठीच्या उंचीवर आणले. परत चालवलं. या वेळी छत्तीसला वीज तुटली, लाल दिवा लागला. दुसऱ्या दिवशी अजगर आत गेला. रात्रभर पिशव्या बदलत डॉक्टरांनी त्याला टिकवला होता.

ऐन थंडीत एका सकाळी त्यांचा फोन आला. "मॅडम, लाल दिवा लागलाय." हडपसरपासूनचा रस्ता मला तेवढा लांब कधी वाटला नव्हता. पहिल्या थर्मोस्टॅटचे कॉन्टॅक्ट चिकटून बसले होते, म्हणजे त्याला हीटर बंदच करता येत नव्हता. दुसरा निमूटपणे वीज तोडत होता, पुन्हा जोडत होता. अजगर थंड टोकाला, पाण्याच्या घमेल्यात शांत पडला होता. डॉक्टरांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

उन्हाळा लागायच्या आत जखम भरली. वनखात्याच्या लोकांनी त्याला दूर जंगलात सोडलं. मी अण्णांना कळवलं.

"ग्वाड झालं," ते म्हणाले. मग, "ताई, पेटी तुमाला हवी का? मजबूत हाय."

माझ्या धंद्यात डिलिव्हरीची घाई करणारे रोज भेटतात. जीव टांगणीला असताना "टेस्ट खरी करा" म्हणणारं गिऱ्हाईक मला एकदाच भेटलं. मी डॉक्टरांचे आभार मानते. तुम्हाला असं गिऱ्हाईक भेटलं तर सांभाळून ठेवा.