झाडाइले पाणी दाखवजो

आधीच सांगून टाकतो — भूतखेत, चकवा, अंगात येणं, असलं काही माझ्या डोक्यात शिरत नाही. बायको म्हणते, तुमच्या डोक्यात काहीच शिरत नाही. असो. आदिलाबादेत माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट साइज आणि लग्नं. फोटोतली गडबड मला कोणी शिकवू नये, एवढंच म्हणणं. तरी हे लिहून राह्यलो, कारण इतकी वर्षं झाली पण मन थाऱ्यावर नाही.

जिल्ह्याचे चार तुकडे झाले, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. नवीन कचेऱ्यांसाठी जागा शोधणं चालू होतं. गावाबाहेर निजामाच्या काळातली तालुकदाराची, म्हणजे तेव्हाच्या कलेक्टरची, बाग आहे — दगडी हौद, फुटकं कारंजं, आंबा-चिकू-मोसंबीची जुनी झाडं. तिचा माळी म्हणजे माझा सख्खा मामा. निजाम गेला, हैदराबाद विलीन झालं, आंध्र झालं, तेलंगणा झालं... मामा बागेतल्या त्याच खोलीत. कामावर ठेवणारे कधीच गेले, तरी हा रोज विहिरीतून बादल्या ओढून झाडांना घालायचा.

जमिनींची पाहणी करणारे महसूलचे गिरदावर साहेब स्टुडिओत आले. "बाग के फोटो होना. पडीक रही तो ऑफिस को देते, चालू रही तो छोड देते. कलर नक्को, झेरॉक्स काला आता. ब्लॅक अँड व्हाइट लाओ."

आता कर्म बघा. पंधरा दिवसांपूर्वीच मामा विहिरीच्या पायरीवर घसरला होता. मांडीचं हाड मोडलं, सरकारी दवाखान्यात पाय ताणून पडलेला. बागेकडे तेव्हापासून कोणी फिरकलं नव्हतं, मी धरून. मी किल्ली मागायला गेलो. त्याने उशाखालून काढून दिली आणि माझं मनगट धरलं.

"जाऊनच राह्यला, तं झाडाइले पाणी दाखवजो बापा."

मला तिडीकच आली. वाटलं, फोटोत बाग ओली-हिरवी दाखव म्हणतोय. "मामा, फोटोत जे हाय तेच दिसते. खोटं दाखवणं मले जमत नाई." तोडूनच टाकलं. त्याने भिंतीकडे मान फिरवली.

दुपारी दोनला बागेत गेलो. कुलूप मीच काढलं. पानं माना टाकून लोंबत होती, झाडांची आळी ठणठणीत कोरडी, लाल माती उन्हाने फिकी पडलेली. बादली विहिरीच्या काठावर पालथी, कडीला कोळ्याचं जाळं. मामाची बाग आपण आपल्या हाताने बुडवून राह्यलो, असं सारखं वाटत होतं. एका जागी पाय ठरेना. पटापट फोटो काढले, कुलूप लावलं, निघालो.

कॉम्प्युटरवर रंगीत पाहिले — सगळं कोरडं. ब्लॅक अँड व्हाइट केले आणि... आळी काळी! एकेका झाडाभोवती ओलं, काळं गोल. म्हटलं, कॉन्ट्रास्टची भानगड असेल, लाल माती येते काळपट. पण मग आळ्याबाहेरची तीच माती पांढरीफटक कशी? सेटिंग बदललं, दुसरं सॉफ्टवेअर लावलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. रंगीत — कोरडं. ब्लॅक अँड व्हाइट — ओलं. एका आळ्यात तर पाणी साचलेलं, त्यात वरची फांदी दिसत होती. 

साहेबांनी ब्लॅक अँड व्हाइट मागितले होते, तेच दिले. "अरे, ये तो चालू बाग है!" म्हणाले आणि कागदावर 'बागात' लिहिलं — ओलिताखालच्या बागेच्या जमिनीला कचेरीत निजामापासून हाच शब्द. मग हसून माझ्या पाठीवर थाप मारली. भाच्याने मामासाठी कलाकारी केली, असं त्यांना वाटलं. मी काय सांगणार, कपाळ!

तसाच दवाखान्यात गेलो. "मामा, बाग वाचली."

"ते राहू दे. पाणी दाखवलं नं?"

"कोणतं पाणी?"

"अबे, झाडाइले! ढोराइले दाखवते तसं. पंधरा दिस झाले, तान लागली असन लेकराइले."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. फोटोबिटो त्याच्या ध्यानीमनीही नव्हते. गुरांना पाणी पाजायला नेणं म्हणजे पाणी दाखवणं, हे मला काय माहीत नाही? मामा तर झाडांनाही तेच म्हणायचा. त्याने एक बादली पाणी घाल म्हटलं होतं, आणि मी त्याला खरं-खोटं शिकवून आलो होतो. लाज वाटली, फार लाज वाटली.

"दाखवलं मामा," मी म्हणालो. धडधडीत खोटं.

"हाव," त्याने डोळे मिटले. "पन हौदामागची मोसंबी राह्यली. तितवर माहं जानं झालंच नाई."

फोटो त्याने पाहिले नव्हते. कोणीच दाखवले नव्हते.

धावत स्टुडिओत आलो, हौदाचा फोटो मोठा केला. सगळी आळी काळी. मागच्या मोसंबीचं एकटीचं पांढरं, कोरडं.

तडक बागेत गेलो. आळी हाताने चाचपली — एकूण एक कोरडी. जाळं झटकलं, बादली विहिरीत सोडली. पहिली मोसंबीला. मग सगळ्यांना, दिवस बुडेपर्यंत. तळहातांची सालटी निघाली.

हे कसं झालं, मला आजही कळलेलं नाही. कोणाला कळलं तर सांगा, फक्त कॉन्ट्रास्ट म्हणू नका. मामा दिवाळीत गेला. खाटेवरून कधी उठलाच नाही. किल्ली आता माझ्याकडे असते आणि रविवारी मी पाणी दाखवायला जातो. पण शेवटपर्यंत तो आल्यागेल्याला सांगायचा, "त्या दिशी माह्या भाच्यानं दाखवलं पाणी." सांगताना बघायचा मात्र माझ्याकडे, आणि मी मान खाली घालून त्याचे पाय चेपत बसायचो.