सहा वर्षं पोटाच्या गोळ्या

कम्युनिटीतल्या बायांनो, खालची जागा दुखली तरी आपण डॉक्टरला "पोट दुखते" असंच सांगतो. त्याची किंमत आज सावली गावच्या दवाखान्यात पाहिली.

शेजारच्या शांताबाईसोबत गेले होते. ती सहा वर्षं पोटाच्या गोळ्या खातेय. नव्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "बोट लावून दाखव, नेमकं कुठं?"

शांताबाईने हात मांडीपर्यंत नेला आणि रडायलाच लागली. "लघवीच्या जागी आग होते, बाई. नवरा म्हन्ते, नाटकं करते."

डॉक्टरबाईंनी पडद्याआड पाहिलं. योनीबाहेरच्या कातडीचा आजार निघाला. मलमाने आटोक्यात येणारा!

"काऊन नाई सांगितलं?" मी शांताबाईला विचारलं.

"विचारलं कोनी?"

उद्या तुम्ही दवाखान्यात गेलात तर पोट म्हणू नका. जागेचं नाव घ्या आणि म्हणा, "तपासून पाहा."