रंजनाचा दुखरा दात

बायकांच्या दवाखान्यात नर्स असलं की किस्से शोधत फिरावं लागत नाही. सुई टोचायच्या आधीच लोक आपणहून सांगायला लागतात! गोंदियाजवळच्या गोरेगावातल्या आमच्या छोट्या दवाखान्यात मी इतकी वर्षं आहे की जेवायला बसलो की नवरा भाजी कसली ते नंतर विचारतो, आधी "आज काय झालं?" यंदा मात्र बरेच दिवस माझं उत्तर एकच होतं. रंजना.

रंजनाला दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा तिसरा महिना पुरा व्हायच्या आत सगळं संपलं होतं. ही तिसरी वेळ. नवरा दिलीप ट्रक चालवतो, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. त्यामुळे सोबत यायची ती सासू, पार्वताबाई.

डॉक्टर मॅडमनी एचसीजीची तपासणी सांगितली. गर्भ रुजला की हे हार्मोन रक्तात वाढत जातं. मॅडम म्हणाल्या, "एका आकड्यावर काही ठरत नाही. दोन दिवसांनी पुन्हा रक्त घेऊ, वाढतंय ना बघू."

पार्वताबाईंनी डोळे बारीक केले. "म्हंजे धान रोवाचा, अन् मुळं धरली का ते उपटून पाहाचं?"

"उपटायचं नाही हो!" मॅडम म्हणाल्या. "बांधावरून पाहायचं."

हे त्यांना लगेच पटलं.

*

तीन महिने कुणाला सांगायचं नाही, हा पार्वताबाईंचा कायदा. पण सुनेला घेऊन सारखं एसटीनं गोरेगावला यायचं, तर लोक विचारणारच. कंडक्टरनं पहिल्याच आठवड्यात विचारलं, "काऊन वं माय, रोज रोज कुठं जाऊन राहिली?"

"सुनेचा दात दुखते!"

झालं! गावभर रंजनाचा दात. कुणी लवंग पाठवली, कुणी तुरटी. बिचारी रंजना बाहेर पडताना गालाला हात लावायला शिकली!

एक दिवस ती ओट्यावर बसून मीठ लावून चिंच खात होती आणि गाल धरायला विसरली. शेजारच्या शांताबाईंनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी वाटीभर चिंच घेऊन आल्या.

"घे वं रंजना. अशा दाताले चांगली राह्यते!"

*

दिलीपचं वेगळंच. रिपोर्ट गोंदियाच्या लॅबमधून मोबाईलवर आला, की तो मला लागलीच फोन करायचा.

"सिस्टर, वाढला का आकडा?"

"वाढला. छान वाढला."

"पन माह्या क्लीनरच्या भावजयीचा याच्यापेक्षा जास्त होता म्हन्ते! टेन्शन आलं न मले!"

मॅडमनी माझ्या हातातून फोन घेतला. "दिलीप, प्रत्येकीचा आकडा वेगळा असतो. इथे ओव्हरटेक करायचं नसतं!"

*

मग गर्भ टिकवणारं हार्मोन, प्रोजेस्टेरॉन, कमी आलं आणि गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी रंजनाला झोप यायची. पार्वताबाईंनी तेवढ्यावर पलंगाच्या पायथ्याखाली विटा लावून टाकल्या! पाय वर, डोकं खाली. रंजना मला हळूच म्हणाली, "सिस्टर, मी दिवसभर घसरतच राह्यतो."

मॅडम म्हणाल्या, "पडून राहिल्यानं गर्भ टिकतो असं काही नसतं. विटा काढा, हलकं काम करू द्या."

पुढच्या खेपेला मी विचारलं, "काढल्या का विटा?"

"काढून राहिली न," पार्वताबाई म्हणाल्या. "एकेक करून!"

*

एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी दोघी ऑटोतून उतरल्या आणि रंजनाचं तोंड पाहूनच मला कळलं. डाग लागला होता. त्या दिवशी कुणालाच काही गंमत सुचली नाही. मी लगेच रक्त घेतलं.

रंजना म्हणाली, "काल म्या बादली उचलली होती."

मग पार्वताबाई कधी नव्हे ते खालच्या आवाजात बोलल्या. "मागच्या बारीले हिनं पपई खाल्ली, मी लय बोलली हिले. मंग दारातलं झाडच तोडून टाकलं."

मॅडम त्यांच्या शेजारी बाकावर बसल्या. "बादलीनं नाही जात आणि पपईच्या फोडीनंही नाही. बहुतेक वेळा गर्भातच दोष असतो. यात रंजनाची चूक नव्हती आणि तुमचीही नव्हती."

पार्वताबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाल्या, "म्हंजे झाड फुकटच गेलं न!"

रंजना रडता रडता हसली. संध्याकाळी रिपोर्ट आला, आकडा वाढलेला होता. तेव्हा मात्र मी रडले, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

*

पुढे डाग थांबले, सोनोग्राफी चांगली आली आणि तिसरा महिना सरला. पोटावर छोटं यंत्र ठेवून बाळाचे ठोके ऐकायचा दिवस आला. दिलीप तेव्हा हायवेवर कोहमाऱ्याला, ढाब्यावर ट्रक लावून फोनवर. मॅडम म्हणाल्या, त्यालाही ऐकू द्या. मी फोन पोटाजवळ धरला.

"काहीच आयकू येऊन नाही राहिलं! थांबा, थांबा!" आणि मग त्याचं ओरडणं. "अरे भाई, गाडी बंद करो! सब लोग इंजिन बंद करो रे!"

एकेक करत तिकडची घरघर थांबली. शेवटी दोन्हीकडे फक्त ठोके राहिले, भरभर, भरभर. रंजनानं माझं मनगट घट्ट धरलं होतं.

पार्वताबाई ओरडल्या, "दिलीप! आलं का रे आयकू?"



तिकडून एक अनोळखी, जाडाभरडा आवाज आला. "माँजी, वो तो रो रहा है. लेकिन हम सबने सुन लिया!"

पार्वताबाईंनी माझ्या हातातून फोन ओढला.

"आयकलं तं आयकलं! पन कोनाले सांगू नका! कोनी इचारलं तं म्हना, दात दुखते!"