लाल वायर

बाबांना पॅरालिसिसचा झटका आला आणि मी त्यांना कल्याणजवळ मोहने इथल्या त्यांच्या खोलीतून डोंबिवलीला माझ्याकडे घेऊन आले. त्यांच्या सामानात एक जुना व्हॉल्व्हचा रेडिओ निघाला. गावी वीज नव्हती तेव्हा घेतलेला, बॅटरीवर चालणारा. बाबांची जीभ जड झाली होती, दिवसभर ते खिडकीशी बसून असायचे. मला वाटलं, हा वाजला तर त्यांचा वेळ तरी जाईल.

मला यातलं काहीच येत नव्हतं. शाळेतली नोकरी संपून वर्ष झालेलं. मोबाइलवर व्हिडिओ बघत सोल्डरिंग शिकले, दोनदा बोटं भाजून घेतली. कपॅसिटर बदलले, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी जोडल्या. यात दोन महिने गेले. त्या रेडिओच्या मोठ्या बॅटऱ्या आता मिळत नाहीत, म्हणून नऊ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एकाला एक जोडल्या. आतल्या चार काचेच्या व्हॉल्व्हमधली बारीक तार तापवायला मात्र दीड व्होल्टचा एकच सेल लागतो. कुठली वायर कशाची, ते इंटरनेटवरच्या सर्किटच्या नकाशातले रंग बघून ठरवलं; लाल वायर त्या दहा बॅटऱ्यांना जोडली.

रविवारी सकाळी बटण फिरवलं. चारही व्हॉल्व्ह क्षणभर लख्ख चमकले आणि विझले. मग खरखरसुद्धा नाही.

कल्याणला एक म्हातारे गृहस्थ पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, आता मिक्सर करतात. व्हॉल्व्ह घेऊन त्यांच्याकडे गेले. मीटर लावत त्यांनी एकेक बाजूला ठेवला.

“चारही गेले, ताई. सेलच्या जागी नव्वद व्होल्ट दिलेत तुम्ही. माझ्या हातूनही झालंय असं. पण तेव्हा दुसरे मिळायचे.”

“तुमच्याकडे नाहीत?”

“दोन पेट्या होत्या. गेल्या दिवाळीत भंगारात दिल्या.”

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी रेडिओकडे बोट केलं. मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, “लाल वायर... मी बदललेली. लाल, सेलची.”

“तुम्हाला आठवतंय?”

“आठवतं. तू विचारलं नाहीस.”

दोन महिने मी त्यांच्यापासून चार हातांवर काम करत होते. चहा हवा का, गोळी घेतली का, एवढंच विचारत होते. मेंदूवर परिणाम झालाय असं डॉक्टर म्हणाले होते, आणि मी बाकीचं विचारणंच सोडून दिलं होतं.

त्यानंतर मी रोज काही ना काही विचारायला लागले. जेमतेम तीन आठवडे. मग दुसरा झटका आला आणि त्यांचं बोलणं पूर्ण थांबलं. आता विचारलं की ते माझ्या तोंडाकडे बघत राहतात, आणि थोड्या वेळाने नजर वळवतात.

परवा बाबांचा व्यायाम घ्यायला येणारी बाई म्हणाली, “यांना उभं करायला जागा हवी, ते टेबल हलवा.” मी टेबलावरचा रेडिओ उचलला आणि पलंगाखाली सरकवला.